बंगल्यातल्या पूलमध्ये मोठी माणसंही बुडतात
लोणावळा, कर्जत, अलिबागला पूल असलेला बंगला घेतला की आपण मुलांवर नजर ठेवतो. मोठ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि जीवरक्षक तर बहुधा नसतोच.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात तो श्वास घेणार की हाक मारणार? दारू प्यायलेल्याला तर चार-पाच फूट पाणीही पुरतं. फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात उतरूच नये. पैजेखातर भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली थांबू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची ओढ लागण्याआधीच शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत.

कुणी बुडत असेल तर थेट उडी मारू नका. घाबरलेला माणूस तुम्हालाही खाली ओढतो. काठी, टॉवेल, ट्यूब पुढे करा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका (ही सवय काही सुटत नाही!). श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब, २ श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.