एकच श्रद्धा, दोन निष्कर्ष

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता : सगळे ख्रिस्ती लोक एकाच येशूला मानतात, तर मग इतके पंथ कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. नेहमीचं उत्तर असं, की मूळ श्रद्धा एकच, भेद आहेत ते रीतिरिवाजांचे. मला हे अपुरं वाटतं. कित्येकदा भेद त्या मूळ श्रद्धेतूनच निघतात. कसे, ते एका उदाहरणावरून पाहू.

ऑक्टोबर १५२९. जर्मनीतलं मारबुर्ग. कॅथलिक सम्राटाचा दबाव वाढत होता, म्हणून हेसेचा शासक फिलिप याने प्रॉटेस्टंटांची एकजूट व्हावी या हेतूने मार्टिन ल्यूथर आणि झुरिचचा उलरिक झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवलं. पंधरा कलमं झाली. चौदांवर एकमत. पंधराव्यातही बरंचसं जुळलं, अडलं ते एकाच मुद्द्यावर. शेवटच्या भोजनात येशूने भाकरीला आपलं शरीर म्हटलं. म्हणजे नेमकं काय?

ल्यूथर म्हणाला, ‘आहे’ म्हणजे आहे. ते वाक्य त्याने खडूने मेजावर लिहूनच ठेवलं होतं! झ्विंग्ली म्हणाला, इथे ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’.

आता बघा, येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हा ४५१ सालच्या खाल्किडोन परिषदेचा सिद्धांत दोघांनाही मान्य होता. झ्विंग्लीचा तर्क असा : येशू खरा मनुष्य, म्हणून त्याचं शरीर एका वेळी एकाच ठिकाणी असणार. ते तर स्वर्गात आहे, मग भाकरीत कसं असेल? ल्यूथरचा तर्क उलटा : देवत्व आणि मनुष्यत्व त्याच्यात वेगळं काढताच येत नाही, म्हणून जिथे देव तिथे ते शरीरही असू शकतं. आधारविधान एकच, निष्कर्ष दोन.

आणि हे पुस्तकात राहिलं नाही. झुरिचमध्ये १५२५ पासूनच वेदी जाऊन साधं मेज आलं होतं, लाकडी ताटल्या-पेले आले होते आणि प्रभुभोजन वर्षातून चारदाच होऊ लागलं होतं. उलट कॅथलिक चर्चमध्ये द्रव्यच पालटतं, गुण तेवढे भाकरीचे उरतात असं मानतात. म्हणून ती पवित्र भाकर जपून ठेवतात, तिच्याजवळ दिवा तेवत असतो, माणसं गुडघा टेकतात.

मारबुर्गमध्ये ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू मानायला नकार दिला. दोन वर्षांनी झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला. पुढे १९७३ मध्ये लॉयेनबर्ग कराराने युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चनी परस्परांचं प्रभुभोजन मान्य केलं. मधे ४४४ वर्षं गेली.

म्हणून कुठलाही पंथ समजून घेताना मी आधी विचारतो : ही माणसं कोणती गोष्ट जपायला बघताहेत? पुढच्या वेळी हाच प्रश्न बाप्तिस्म्याच्या बाबतीत विचारू.