घशातील आवर्ती ठेव

आवर्ती ठेव म्हटली की ग्राहकाच्या डोळ्यांपुढे दरमहा थोडी थोडी साठत जाणारी आणि मुदत संपल्यावर एकरकमी हाती येणारी पुंजी उभी राहते. अनेकांच्या घशातही अशीच एक ठेव साठत असते. फरक इतकाच की ती कोणी आपण होऊन उघडलेली नसते, तिच्यावर व्याज म्हणून केवळ मुखदुर्गंधी मिळते आणि मुदत भरली की एखाद्या खोकल्यासरशी तांदळाच्या कणीएवढा पिवळसर पांढरा खडा हातावर येऊन पडतो. तो बोटांत चिरडला असता येणारा वास ज्याने एकदा घेतला, तो विसरत नाही. वैद्यकशास्त्र याला टॉन्सिलोलिथ म्हणते. आपण टॉन्सिलचे खडे म्हणू.

या विषयावर लिहावे की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखिकेने बरेच दिवस केला. मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी या विकारांना समाजात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. त्यांविषयी चारचौघांत बोलता येते. तोंडाला वास येतो, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. ज्याला येतो तो लपवतो आणि ज्याला जाणवतो तो संकोचाने गप्प राहतो. आपला व्यवसाय तर समोरासमोर बोलण्याचा. काउंटरच्या अलीकडे बसणारा आणि पलीकडे उभा राहणारा, दोघांनाही हा संकोच सारखाच जाचतो.

आमच्या भिलाईच्या शाखेतील एका तरुण सहकाऱ्याच्या संमतीने, नाव न लिहिता, त्याचा अनुभव येथे देते. कामात चोख, हिशेबात अचूक आणि मराठी, हिंदी व छत्तीसगढी अशा तिन्ही भाषांत ग्राहकांशी सहज बोलणारा हा मुलगा एके दिवशी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "मॅडम, मला काउंटर नको. मागचे कोणतेही टेबल द्या." कारण विचारले तर उत्तर नाही. पुढे बोलताना तो तोंडापुढे हात धरू लागला, जेवणाच्या सुटीत एकटा बसू लागला. घरी त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. ती तो निरनिराळ्या सबबींवर पुढे ढकलत होता, हे नंतर कळले. दोन वर्षांत त्याने दात तीनदा साफ करून घेतले होते आणि प्रतिजैविकांच्या गोळ्यांचे कितीतरी फेरे पूर्ण केले होते. एका ठिकाणी तर पहिल्याच भेटीत "टॉन्सिल काढून टाका" असा सल्ला मिळाला होता. हे खडे नेमके कशाने होतात, हे मात्र त्याला कोणी बसवून समजावून सांगितले नव्हते.

ते समजणे फारसे अवघड नाही. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराच्या ज्या दोन गाठी दिसतात, त्या टॉन्सिल्स. नाकातोंडावाटे शिरणाऱ्या जंतूंशी शरीराची पहिली ओळख करून देणाऱ्या ऊतींचे एक कडे घशात असते, त्याचाच त्या भाग होत. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांच्या नावाने हे कडे ओळखले जाते. टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर खोल खळगे असतात. अन्नाचे सूक्ष्म कण, झडलेल्या पेशी, लाळेतील चिकट द्रव्य आणि जीवाणू या खळग्यांत अडकतात. कालांतराने त्यावर कॅल्शियमचे क्षार बसतात आणि मऊ गोळ्याचा खडा होतो. वारंवार घसा सुजून गेलेल्यांचे खळगे अधिक खोल व वेडेवाकडे झालेले असतात. म्हणून त्यांच्याकडे ही ठेव पुन्हा पुन्हा भरते.

खडा हा शब्द तसा फसवा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की हा निर्जीव दगड नसून दातांवरील किटणासारखाच जीवाणूंचा जिवंत थर असतो. त्याच्या बाहेरच्या भागात प्राणवायू वापरला जातो आणि आत आत जावे तसे प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य लागते. हे आतले रहिवासी गंधकयुक्त वायू तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड हा त्यांपैकी एक. कोळशापासून कोक तयार होताना निघणाऱ्या वायूतही हाच घटक असतो, हे पोलादाच्या या नगरीत वेगळे सांगायला नको.

मुतखड्याशी या खड्यांचे नाव वगळता काहीही नाते नाही. त्यामुळे दूध, टोमॅटो किंवा पालक सोडल्याने ते थांबत नाहीत आणि मुतखड्याचे काढे घेऊन ते विरघळतही नाहीत. खडे असणे म्हणजे मोठा आजार असणे, असेही नाही. अन्य कारणांसाठी काढलेल्या सीटी स्कॅनच्या चित्रांत जपानमधील संशोधकांना दहापैकी चार ते पाच जणांत असे खडे आढळले. त्यांतील बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. ज्यांना त्रास होतो त्यांना घशात काही अडकल्यासारखे वाटते, चव बिघडते, मुखदुर्गंधी येते आणि कधी कधी कान दुखतो. कान पूर्ण निरोगी असूनही दुखतो, कारण टॉन्सिल आणि मध्यकर्ण या दोहोंना संवेदना पुरवणारी नस एकच आहे. येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. मुखदुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये नसून जिभेच्या मागील भागावरचा थर आणि हिरड्यांचे विकार यांत असते. तेव्हा आरशात खडा दिसला की सारा दोष त्याच्यावर टाकून मोकळे होऊ नये. दंतवैद्यांची एक भेट आधी घ्यावी.

घरच्या घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत आणि बहुसंख्य लोकांना तेवढेच पुरतात. प्रत्येक जेवणानंतर पाण्याने खळखळून गुळण्या कराव्यात, नुसती चूळ भरून थांबू नये. मान मागे टाकून, घशातून आवाज काढीत केलेली गुळणीच खळग्यांपर्यंत पोहोचते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे आणि जीभ मागपर्यंत घासणीने स्वच्छ करणे ही आपल्या आजी-आजोबांची सवय येथे उपयोगी पडते. बाजारातील औषधी द्रावण वापरायचेच असेल तर मद्यार्कविरहित घ्यावे, कारण मद्यार्काने तोंड कोरडे पडते. आणि लाळ आटली की जीवाणूंचे फावते. भिलाईत या कोरडेपणाला निमित्त पुष्कळ आहेत. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कारखान्यातील रात्रपाळीत भट्टीसमोर काम करणारा कामगार घाम गाळतो आणि पाण्याऐवजी चहावर रात्र काढतो. नाक चोंदलेले असल्याने तोंडाने श्वास घेणाऱ्यांचीही तीच गत. पाणी पिणे आणि नाकाच्या ॲलर्जीवर वेळीच उपचार करणे, हेही म्हणूनच या खड्यांवरचे उपचार ठरतात.

दिसणारा खडा काढावा का, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. जोराच्या गुळणीने किंवा खोकल्याने तो आपोआप निघाला तर उत्तम. ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने खड्याच्या शेजारी हलकेच दाबून काहीजण तो काढतात. तसे करायचे असल्यास निदान एकदा तज्ज्ञांकडून पद्धत पाहून घ्यावी. पाण्याची बारीक धार सोडणारी यंत्रे दातांसाठी मिळतात. तीही अगदी कमी दाबावर व सल्ल्यानेच. पण हेअरपिन, काडेपेटीची काडी, दातकोरणे, पेनचे टोपण (ही यादी कल्पित नव्हे, ऐकलेली आहे) यांतील काहीही घशात घालू नये. एकेका टॉन्सिलला पाच धमन्यांच्या शाखांतून रक्त मिळते. तेथे झालेली जखम भळभळून वाहते.

औषधांविषयी सांगायचे तर खडा विरघळवणारी गोळी अस्तित्वात नाही. प्रतिजैविकांनी काही दिवस वास कमी होतो. औषध थांबले की खळगा पुन्हा भरू लागतो. ताप, गिळताना तीव्र वेदना, पू अशी संसर्गाची लक्षणे असतील आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेव्हाच ती घ्यावीत. दुकानदाराला विचारून घेतलेल्या फेऱ्यांनी खड्यांचे काही बिघडत नाही, मात्र जंतू औषधाला निर्ढावतात.

आता छत्तीसगढपुरती एक गंभीर बाब. येथे गुडाखू नावाची तंबाखू व गूळ यांची लगदी दातांना आणि हिरड्यांना चोळण्याची सवय स्त्री-पुरुष दोघांतही आहे. आपल्याकडच्या मशेरीची ही बहीणच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील सुमारे ३९ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. अशा ठिकाणी घशातील प्रत्येक पांढरा ठिपका खडाच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला असणे, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, गिळण्यास वाढता अडथळा, आवाजात बदल, कारणाशिवाय घटणारे वजन यांपैकी एक जरी लक्षण असेल तर गुळण्यांवर वेळ न दवडता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय भिलाईकरांना परिचित आहेच. रायपूर येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही कार्यरत आहे.

राहिला शस्त्रक्रियेचा प्रश्न. टॉन्सिल काढणे ही एके काळी जवळजवळ फॅशन होती. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळेत जाणाऱ्या एक हजार मुलांची पाहणी झाली. त्यांतील ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि त्यांतील सुमारे ४५ टक्क्यांना शस्त्रक्रिया हवी असे सांगितले. ज्यांना नको म्हटले होते ती मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनीही त्यांतील ४६ टक्के निवडली. तिसऱ्या तपासणीतही प्रमाण जवळपास तेवढेच निघाले. अखेरीस हजारांपैकी केवळ ६५ मुले शस्त्रक्रियेच्या सल्ल्यावाचून उरली. लेखापरीक्षणाशी नित्य संबंध येणाऱ्या आपल्यासारख्यांना या आकड्यांचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. पुढे १९८४ मध्ये पॅराडाइज या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून शिस्त आली: वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरसाल तीन वेळा घसा सुजत असेल तर मुलांमध्ये शस्त्रक्रियेचा विचार करावा. नुसते खडे या निकषांत बसत नाहीत.

म्हणून प्रौढांमध्ये पायरीपायरीने जावे, हेच योग्य वाटते. गुळण्या व मुखस्वच्छता काही महिने नेटाने करूनही त्रास असह्य राहिला, तर लेसरने किंवा कोब्लेशन या तंत्राने खळग्यांची तोंडे सपाट करण्याचा मधला मार्ग आहे. निवडक रुग्णांत हे घसा बधिर करून होते, टॉन्सिल जागेवर राहतो, दुखणे कमी असते. परंतु काहींना ते पुन्हा करून घ्यावे लागते. टॉन्सिल समूळ काढणे हा खड्यांवरचा एकमेव कायमचा उपाय आहे, हे खरे. त्याची किंमतही समजून घ्यावी. पूर्ण भूल लागते, प्रौढांना दहा ते चौदा दिवस चांगलेच दुखते आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत काहींना पुन्हा रक्तस्राव होतो. तो झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. जखमेवर येणारा पांढरट थर पाहून मात्र घाबरू नये, तो भरून येण्याचाच भाग असतो.

आमच्या सहकाऱ्याला तज्ज्ञांनी आरशात त्याचेच खळगे दाखवले, गुळणीची रीत शिकवली आणि नाकाच्या ॲलर्जीवर औषध दिले. खडे अजूनही येतात, दोन-तीन महिन्यांतून एखादा. शस्त्रक्रियेची गरज आहे असे आता त्यालाच वाटत नाही. रोख काउंटरवर तो पुन्हा बसतो आणि लग्नाची बोलणीही पुढे सरकली आहेत.

ज्यांना शस्त्रक्रिया खरोखरच हवी आहे, त्यांच्यासाठी आपल्या व्यवसायाला धरून दोन गोष्टी. आरोग्य विम्याची पॉलिसी आधी वाचावी. १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झालेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे आणि अन्य अनेक पॉलिसींतही अशीच अट असते. तेव्हा आज विमा घेऊन पुढच्या महिन्यात दावा करता येणार नाही. आणि बँक कर्मचाऱ्यांनी रजा किमान दोन आठवड्यांची धरावी, त्या काळात लांबचा रेल्वेप्रवास टाळून रुग्णालयाच्या जवळ राहावे, तसेच वार्षिक लेखाबंदीचा मार्च महिना सोडून अन्य कोणताही महिना निवडावा.