घरचा तराजू

व्यापारी कुटुंबात टाकाऊ वस्तूंची वाण कधीच नसते. पुठ्ठ्याची खोकी, बरण्यांची झाकणे, सुतळी, रबरी नळ्यांचे तुकडे यांचा ढीग आठवडाभरात साचतो आणि भंगारवाल्याकडे जातो. त्याच घरात नातवंडांसाठी बॅटरीवर चालणारी महागडी खेळणी येतात. ती बंद पडली की मूल नव्या खेळण्याचा हट्ट धरते. स्वहस्ते केलेले खेळणे बिघडले, तर ते कोठे बिघडले असेल याचा विचार मूल करू लागते.

आपल्याकडे हा विचार रुजविण्यात अरविंद गुप्ता यांचा वाटा फार मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीस लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन त्यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले. काडेपेटीतील काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडून आकृत्या करण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. अशा काड्यांचा चौकोन दाबला की कलतो. त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाही. छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच उमगते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी असंख्य खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या घरांना विशेष शोभेल असे खेळणे म्हणजे तराजू. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घ्यावी. तिच्या बरोबर मध्यावर, किंचित वरच्या कडेकडे, मोठ्यांनी भोक पाडून द्यावे व त्यात दोरा ओवून पट्टी टांगावी. दोन्ही टोकांना, मध्यापासून सारख्या अंतरावर, एकाच आकाराची दोन झाकणे दोऱ्यांनी बांधावीत. एक पारडे वर राहिले, तर त्याला मेणाचा लहानसा गोळा चिकटवावा.

वजने म्हणून नाणी घ्यावीत. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे, तर २०१९ च्या मालिकेतील ३.०९ ग्रॅमचे आहे. १९९२ पासून आलेले पोलादी रुपयाचे जुने नाणे ४.८५ ग्रॅमचे, आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही तेवढ्याच वजनाचे! मुलांना आकडे आधी सांगू नयेत. एक रुपया आणि दोन रुपये समतोल झालेले पाहून ती स्वतःच प्रश्न विचारतील. मूल्य आणि वजन या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांना तेथेच कळेल.

यानंतरचा प्रयोग अधिक महत्त्वाचा. रिकामी पारडी समान राहिली म्हणजे तराजू खरा, असे नव्हे. दांडीचा एक हात आखूड करून त्या बाजूस मेण वाढविले, तरी रिकामा तराजू सरळच राहतो. अशा तराजूत एका पारड्यात साखर आणि दुसऱ्यात नाणी ठेवून समतोल साधावा. मग दोन्हींची अदलाबदल करावी. एक बाजू तत्काळ खाली जाईल, कारण लांब हातावरील वजन अधिक जोर लावते. हात सारखे असतील, तर अदलाबदलीनंतरही समतोल ढळत नाही. वजनमापातील खोट आपल्याकडे अचौर्याणुव्रताचा अतिचार मानली आहे. ती खोट कशी केली जाते आणि कशी उघडी पडते, हे मूल येथे डोळ्यांनी पाहते.

आज दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा आकडा दाखवितो; तो आकडा कोठून आला, हे दाखवीत नाही. उद्या ज्यांच्या हाती आपली पेढी जाणार, त्यांना दिसणारा आकडा पडताळून पाहण्याची सवय आजच लागावी. येत्या सुट्टीत भंगार देण्यापूर्वी दोन झाकणे, एक पट्टी आणि थोडी सुतळी बाजूस काढावी, आणि एक दुपार मुलांसमवेत बसावे.