लादी घेताना चकाकी पाहू नका, पाऊल पाहा

विरार लोकलमध्ये वर्षानुवर्षे उभ्याने प्रवास करून, पोटाला चिमटा काढून आपल्यापैकी अनेकांनी वसई-विरार पट्ट्यात एक-दोन खोल्यांचे घर केले. अशा घराची लादी बदलायची म्हणजे वर्षाचा बोनस जातो. म्हणून ती विचारपूर्वक घ्यावी. आम्ही तसे केले नाही आणि त्याची किंमत आमच्या आईने मोजली.

जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्यातील आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरले. जुन्या लाद्या ठिकठिकाणी उचलल्या गेल्या. नव्या घेताना दुकानातल्या दिव्यांखाली चमकणारी पांढरी लादी आम्हाला भावली. पुढच्या पावसाळ्यात ओल्या पायांनी आत येताना आई घसरली आणि तिचे मनगट मोडले. दुकानात आम्ही भाव विचारला, रंग विचारला. ओल्यात पाय घसरतो का, एवढेच विचारले नाही.

कोणती लादी कुठे?

आपल्याकडे पूर्वी शहाबादी आणि कोटा फरशी असे. शहाबादी कर्नाटकातली, कोटा राजस्थानातली. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. मजबूत खरे, पण ॲसिडने धुतले की त्यांचा पृष्ठभाग खराब होतो. लिंबू-चिंचेचेही डाग पडतात.

आता बाजारात बहुतेक माल गुजरातमधील मोरबीचा असतो. त्यात सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड असे दोन मुख्य प्रकार. व्हिट्रिफाइड लादी जास्त तापमानाला भाजलेली, घट्ट असते. ती साधारण अर्धा टक्क्याहून कमी पाणी शोषते. तळमजल्याला आणि वर्दळीच्या खोलीला तीच बरी. भिंतीसाठी बनवलेली सिरॅमिक लादी स्वस्त मिळते म्हणून जमिनीला लावू नये. ती लवकर फुटते.

मोरी, संडास, स्वयंपाकघर आणि दाराजवळ मॅट, म्हणजे खरखरीत लादीच घ्यावी. दुकानातच लादीवर पाणी ओतून ओला अंगठा दाबून सरकवून पाहा. अंगठा सहज सरकला, तर म्हाताऱ्या माणसाचा पायही सरकेल.

हिशेब असा करा

दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तुटफूट आणि कापणीसाठी दहा टक्के धरा, म्हणजे १३२. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या चार लाद्यांच्या बॉक्समध्ये सुमारे साडेपंधरा चौरस फूट बसतात. म्हणजे नऊ बॉक्स लागतील. सर्व बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, हे उतरवून घेतानाच पाहा. पक्के बिल मागा आणि उरलेल्या दोन-चार लाद्या माळ्यावर जपून ठेवा. पुढे तोच रंग मिळेलच असे नाही.

मिस्त्रीकडून काय करून घ्यावे?

मोरीचा उतार नहाणी ट्रॅपकडे असावा. जुनी लादी फोडल्यास वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते. लादी बसवण्याआधी तेथे एक दिवस-रात्र पाणी साठवून गळती तपासा, नाहीतर खालच्या शेजाऱ्याशी भांडण ठरलेले. जुन्या लादीवरच नवी बसवायची असेल, तर जमिनीची उंची वाढते, दारे कापावी लागतात आणि इमारतीवर भारही वाढतो. त्याआधी सोसायटीला विचारा. काम झाल्यावर लादीवर नाण्याने ठोका. पोकळ आवाज आला, तर खाली माल नीट भरलेला नाही, हे पैसे चुकते करण्याआधीच दाखवा.

आणखी एक. लादी कापणारा मिस्त्रीही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. कोरडी लादी कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिससारखा असाध्य आजार होऊ शकतो. त्याला पाणी मारून कापायला सांगा, तोंडाला चांगला मास्क द्या. आपले घर सजताना दुसऱ्याचा श्वास कोंडू नये.

आमच्या दाराजवळची आणि मोरीबाहेरची चकचकीत लादी आता निघाली. तेथे राखाडी, खरखरीत लादी बसली आहे. पाहुणे तिचे कौतुक करीत नाहीत. पण आई आता भिंतीला हात न लावता मोरीपर्यंत जाते.