आकाशांतील पलंग आणि त्याची किंमत

परदेशीं नोकरीस असलेला मुलगा हौसेनें आईवडिलांस विमानाचें तिकीट पाठवितो, आणि तेंहि बिझिनेस क्लासचें! किंमत साध्या तिकिटाच्या कित्येक पट आहे असें कळतांच आईच्या मनांत आनंदाहून धास्तीच अधिक शिरते. इतका पैसा कशासाठीं, हा तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं नीट समजून घ्यावें.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघून कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनास गेलें. तोच प्रवास आज विमान वाटेंत न थांबतां दहा तासांच्या आसपास करतें. बिझिनेस क्लास त्या काळीं नव्हता. १९७० नंतरच्या दशकांत सवलतीचीं तिकिटें वाढलीं. तेव्हां पूर्ण भाडें भरणारा व्यापारी व सवलतीनें जाणारा प्रवासी शेजारीं शेजारीं बसूं लागले. त्या दशकाच्या अखेरीस पूर्ण भाडें देणारांकरितां हा निराळा वर्ग निघाला. पुढें सन २००० मध्यें ब्रिटिश एअरवेजनें या वर्गांत अगदीं सपाट होणारें आसन आणिलें, आणि खुर्चीचा पलंग झाला.

या पलंगाचा उपयोग खरा आहे. साध्या वर्गांत एका आसनापासून पुढील आसनापर्यंतचें अंतर सुमारें ३१ इंच असतें. आपण चालतों तेव्हां पोटरीचे स्नायू आंवळून शिरांतील रक्त वर ढकलतात. तासन् तास गुडघे दुमडून बसल्यास हें काम मंदावतें, पाय सुजतात, व क्वचित् शिरेंत रक्ताची गुठळीहि होते. पाय लांब करून निजतां आलें तर पाठीस व गुडघ्यांस विसांवा मिळतो. तथापि पलंग मिळाला तरी मधूनमधून उठून चालणें आवश्यकच आहे.

परंतु कांहीं गोष्टी पैशानें मिळत नाहींत. विमान सुमारें ३५,००० फूट उंचीवरून जातें. तेथील हवा अतिशय विरळ व शून्याखालीं ५० अंशांहूनहि थंड असते. म्हणून आंत यंत्रानें हवा दाबून भरतात. तरीहि ती ६,००० ते ८,००० फूट उंच डोंगरावरील हवेइतकीच दाट असते. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट आहे, यावरून कल्पना यावी. शिवाय ती फार कोरडी असते. म्हणून पाणी वारंवार प्यावें. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असणारांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ही हवा पुढच्या पलंगावर आणि मागच्या खुर्चीवर एकच. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत साडेपांच तास व उन्हाळ्यांत साडेचार तास मागें असतें. त्यामुळें होणारा झोंपेचा घोटाळाहि कोणास चुकत नाहीं.

तेव्हां ज्या आजीची कंबर धरते, तिच्यासाठीं ही केवळ चैन नव्हे. धडधाकट विद्यार्थ्यानें मात्र साध्या आसनावर बसावें, तास-दोन तासांनीं चार पावलें चालावें, आणि वांचलेला पैसा शिक्षणास लावावा. तिकीट पाठविणाऱ्या मुलानें आईस एवढें अवश्य कळवावें कीं, जेवण, पांघरूण व उशी यांचे दाम तिकिटांतच आलेले आहेत. आसन सपाट कसें करावें हें विमानसेविकेस विचारण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं. नाहीं तर बिचारी संकोचानें रात्रभर ताठ बसून राहील, आणि एवढा मोलाचा पलंग रिकामाच लंडनास पोहोंचेल!