‘रीआर्ग्यू’ : अर्थ, उपयोजन आणि मराठी पर्याय

इंग्रजीतील ‘रीआर्ग्यू’ या क्रियापदाला ‘पुन्हा वाद घालणे’ हा पर्याय सहज सुचतो. परंतु भाषांतरात तो बहुधा अपुरा पडतो. त्याचे कारण ‘आर्ग्यू’ या मूळ क्रियापदाच्या द्व्यर्थतेत आहे. हुज्जत घालणे, भांडणे हा त्याचा एक अर्थ. कारणे देऊन प्रतिपादन करणे हा दुसरा. ‘री’ हा उपसर्ग लागताच पहिला अर्थ मागे सरतो आणि क्रियापद प्रामुख्याने सकर्मक होते. खटला, मुद्दा किंवा निर्णय हे त्याचे कर्म. एकदा मांडून झालेले प्रकरण पुन्हा मांडणे, हा त्याचा गाभा होय.

अमेरिकेतील ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात डिसेंबर १९५२ मध्ये युक्तिवाद झाले. न्यायालयाने वकिलांपुढे काही प्रश्न ठेवले. त्यांवर डिसेंबर १९५३ मध्ये पुन्हा युक्तिवाद झाले आणि १७ मे १९५४ रोजी निकाल लागला. येथे दुसरी मांडणी निकालापूर्वीच झाली. म्हणून ‘अपील’ किंवा ‘पुनर्विलोकन’ हे शब्द येथे चालणार नाहीत.

‘फेरसुनावणी’ हा रूढ शब्द जवळचा आहे, पण तो ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे. सिन्नरच्या न्यायालयात बांधाच्या दाव्याची फेरसुनावणी न्यायाधीश घेतील. वकील करील तो ‘फेरयुक्तिवाद’. इंग्रजी क्रियापद बोलणाऱ्याच्या बाजूचे असल्याने हाच पर्याय अधिक नेमका ठरतो.

या क्रियापदाला एक निषेधाची छटाही आहे. पुनर्विलोकनाच्या अर्जात तेच मुद्दे नव्याने मांडता येत नाहीत, असे न्यायालये वारंवार बजावतात. अशा ठिकाणी ‘निकाली प्रकरण उकरून काढणे’ किंवा अनौपचारिक लेखनात ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ हेच मराठी. नोव्हेंबर १९७५ मध्ये केशवानंद भारती निकालाच्या (१९७३) फेरविचारासाठी तेरा न्यायाधीशांचे पीठ बसले, तेव्हा नानी पालखीवालांचा विरोध हे प्रकरण पुन्हा उघडण्यालाच होता. दोन दिवसांत ते पीठ विसर्जित झाले.

हा पेच आपल्या परंपरेलाही परिचित आहे. ‘हे पूर्वीच निर्णीत झाले आहे’ असे प्रतिवादीचे उत्तर धर्मशास्त्रात ‘प्राङ्न्याय’ या नावाने ओळखले जाते. न्यायाने हरूनही हार न मानता परत आलेला पक्ष पुन्हा हरला, तर त्याला याज्ञवल्क्यस्मृती दुप्पट दंड सांगते. म्हणजे दार पूर्णतः बंद नाही. मात्र ते ठोठावण्याची किंमत आहे.

तेव्हा भाषांतरकाराने प्रथम संदर्भ तपासावा. ‘फेरयुक्तिवाद’ म्हटल्याने बोलणाऱ्याचा हक्क मान्य होतो. ‘उकरून काढणे’ म्हटल्याने त्याचा हट्ट अधोरेखित होतो. मूळ लेखकाने न दिलेला निकाल पर्यायाच्या निवडीतून आपण देऊ नये, एवढे भान विद्यार्थ्याने बाळगणे अगत्याचे आहे.