‘आम्हाला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

अंबरनाथच्या काही भागाला चिखलोली धरणाचं पाणी मिळतं. पावसाळ्यात ‘पाणी उकळून प्या’ म्हटलं, की ‘आमची प्रतिकारशक्ती चांगली आहे’ हे उत्तर ठरलेलं. हल्ली त्याला शास्त्राचा मुलामाही देतात: रोग जंतूंमुळे होतच नाही, शरीराची ‘भूमी’, म्हणजे आतली स्थिती, बिघडल्यामुळे होतो, जंतुसिद्धांत मांडणाऱ्या लुई पाश्चर यांनीही मरताना हे कबूल केलं म्हणे.

त्या कबुलीला समकालीन पुरावा नाही. उलट, भूमीचं महत्त्व पाश्चर यांनी स्वतःच १८७८ मध्ये दाखवलं होतं. कोंबडीचं अंग माणसापेक्षा गरम असतं, तिला सहसा अँथ्रॅक्स होत नाही. त्यांनी अँथ्रॅक्सचे जंतू टोचलेली कोंबडी गार पाण्यात ठेवली, ती मेली. जंतू टोचून उबेत ठेवलेली जगली. आणि जंतू न टोचता नुसती गार पाण्यात ठेवलेलीही जगली! भूमी कितीही बिघडली तरी जंतूवाचून रोग झाला नाही.

माणसांतही हेच दिसलं. मुंबईत प्लेग पसरला असताना जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. भिंती त्याच, अन्न तेच, हवा तीच. तरी लस घेतलेल्यांत न घेतलेल्यांपेक्षा प्लेग कमी झाला. फरक फक्त लसीचा होता.

मग खाण्यापिण्याला किंमत नाही? भरपूर आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. मात्र रुग्णांची औषधं चालूच होती, शिधा औषधांच्या जोडीला होता. आहाराच्या भरवशावर गोळ्या सोडल्या, की टीबी ‘बिघडू’ शकतो, औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. असा सल्ला देणाऱ्यांचा मला संताप येतो.

पाण्याचंही तसंच, जंतू मारल्याशिवाय भागत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळायला हवं.

‘आम्हाला काही होत नाही’ हे एखाद्याच्या बाबतीत खरंही असेल. जंतू हे एकमेव कारण नाही असं मानणाऱ्या म्युनिकच्या आरोग्यतज्ज्ञ पेटेनकोफर यांनी १८९२ मध्ये कॉलऱ्याचे जंतू पिऊन दाखवले. किरकोळ जुलाबावर निभावलं. पण त्यांच्या विष्ठेत जंतू सापडले. असा धडधाकट माणूस शौचाहून आल्यावर साबणाने हात न धुता माठात तांब्या बुडवतो, आणि त्याच माठातलं पाणी घरातलं तान्हं बाळ पितं.